चौथा धोका

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांना कुणी नावाने हाक मारीत नसे. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या मसुदेबाई. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जाहीर सूचनेचा मसुदा त्यांच्या टेबलावरून जाई आणि तीस वर्षांत त्यात कुणाला फट सापडली नव्हती. त्यांचे एकेक वाक्य सात ओळींचे असे. ‘ज्याअर्थी’ला उठायचे, दोन ‘तथापि’ ओलांडायचे, एका ‘परंतु’ला वळसा घालायचा आणि ‘याची नोंद घ्यावी’पर्यंत पोचायचे, वाटेत दम म्हणून घ्यायचा नाही.

त्यांचे यजमान पाट्या रंगवीत. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. सगळी गल्ली त्यांना पेंटर म्हणे आणि फार रागावल्या की बाईही तेच म्हणत. घरात या दोन धंद्यांची जुनीच जुंपलेली होती.

“तुझ्या एका वाक्यात माझ्या नऊ पाट्या होतील,” पेंटर म्हणत. “पाणी बंद आहे, एवढंच ना सांगायचं?”

“का बंद, कुठे बंद, कधीपर्यंत बंद, आणि नंतरही आलं नाही तर जबाबदार कोण? हे मावणार आहे का तुमच्या पाटीवर?”

“पाटीवर सगळं मावतं, बाईसाहेब. मापता आलं पाहिजे.”

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, एका सकाळी अकराच्या सुमारास, बाईंनी कागदावर ‘ज्याअर्थी’ लिहिले आणि लेखणी हातातून गळून पडली. ती उचलायला त्या वाकल्या, पण उजवा हात वाकला नाही. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला काही सांगायला त्यांनी तोंड उघडले, तर भलताच शब्द बाहेर आला. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा खंडित झाला होता. जीव वाचला, हातही हळूहळू थोडा वळू लागला. वाचा मात्र मोडली होती. “याला अफेजिया म्हणतात, वाचाघात,” डॉक्टरांनी सांगितले. “बुद्धी जागच्या जागी आहे. शब्दांची ये-जा बिघडली आहे.”

बाईंना हे कुणी सांगायला नको होते. मनात विचार अख्खाच्या अख्खा उभा राही आणि ओठांपर्यंत येताना त्यातले दहातले नऊ शब्द वाटेतच कुठेतरी थांबत. कुणी सावकाश बोलले तर समजे. भराभरा बोलले की गाडी सुटल्यासारखे होई. वाचनाचे तर विचारूच नये. शब्द एकेकटा भेटला तर ओळख देई. पण वाक्य लांबले की शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटून गेलेली असे.

दुसऱ्या महिन्यात इमारतीच्या दारावर पाणीपुरवठ्याची सूचना लागली. बाईंनी ती लांबूनच ओळखली. मसुदा त्यांचाच होता. तारखा तेवढ्या बदलल्या होत्या. जवळ गेल्या, डोळे ताणले, पण दुसऱ्या ओळीतच पायाखालची जमीन सरकली. पेंटरांनी ती तीनदा वाचली, मान डोलावली आणि चुकीच्या दिवशी घरातली सगळी पिंपे भरून ठेवली. खऱ्या दिवशी नळ कोरडा पडला, तेव्हा बाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आले.

“हस, हस,” पेंटर म्हणाले. “मला तर वाचता येतं, तरी ही गत.”

त्यानंतर आठवड्याभरातच मुद्द्याची गोष्ट आली. तपासणीत दिसले की मानेतली एक रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. ऑपरेशन करून ती मोकळी करता येईल. किंवा ऑपरेशन न करता औषधांवर राहता येईल. दोन्हीकडे धोके होते. सर्जनांनी चार पानी संमतिपत्र टेबलावर ठेवले. बाईंचे थोरले भाऊ सोबत आले होते. ते शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि अजूनही खिशाला पेन लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसत.

“आणा इकडे,” दादा म्हणाले. “मी करतो सही. तिला कशाला त्रास?”

बाईंनी डावा तळवा कागदावर दाबून धरला. “नाही.”

“नाही म्हणजे? ऑपरेशन नको?”

“नाही.”

“मग सही करू?”

“नाही!”

“अगं, एक काहीतरी धर!” दादा वैतागले. पेंटरांनी छताकडे पाहिले. सर्जनांनी घड्याळाकडे.

खोलीत आणखी एक बाई होती. रुग्णालयात वाचेचे उपचार करणारी, तिशीची. बोलणे हरवलेल्या तिच्या रुग्णांनी तिला बोलताई असे नाव पाडले होते, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना नेमके तेवढे एकच नाव म्हणता येई. ती बाईंच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि मनातल्या मनात वीस आकडे मोजता येतील इतका वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “काकू, ऑपरेशनला नाही म्हणत नाही तुम्ही. कळल्याशिवाय सही नाही, असं ना?”

बाईंनी डोळे मिटून उघडले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे वाक्य कुणीतरी न तोडता पूर्ण ऐकले होते, आणि तेही त्यांनी उच्चारलेले नसताना.

सर्जन स्पष्टवक्ते होते. “पेशंटला समजलं असेल तर सही पेशंटचीच. समजलं नसेल तर घरच्यांची. गुरुवारपर्यंत वेळ आहे.”

म्हणजे सहा दिवस. तोवर बाईंना ती चार पाने कळली नाहीत, तर त्यांच्या मानेचा निर्णय दादांच्या पेनातून उतरणार होता. दादांची माया खोटी नव्हती. पण आयुष्यभर दुसऱ्यांना ‘नोंद घ्यावी’ असे बजावणाऱ्या बाईंना स्वतःच्या बाबतीत नोंद घेता येऊ नये, हे त्यांना सहन होणारे नव्हते.

बोलताईने काम सुरू केले. एका ओळीत एकच गोष्ट. महत्त्वाचा शब्द ठळक. अक्षर मोठे, भोवती मोकळी जागा, आणि शब्दाशेजारी चित्र. चित्रे तिने कॉम्प्युटरवरून घेतली, आणि तिथेच घोडे अडले. शनिवारच्या गटात एक निवृत्त बसड्रायव्हर येत. त्यांचीही वाचा गेलेली. रक्तवाहिनीचे चित्र पाहून त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवले. त्यांना तो घाट वाटला होता.

“चित्रं मी काढतो,” पेंटर म्हणाले. “आणि ताई, रागावू नका, पण ‘शस्त्रक्रियेदरम्यान’ काढून टाका. ‘ऑपरेशन करताना’ लिहा. पाटी चालत्या माणसाला वाचता आली पाहिजे.”

बोलताई बघतच राहिली. “काका, इतकी वर्षं होतात कुठे तुम्ही?”

“शिडीवर.”

जेवणाच्या टेबलावर जाड पांढरे कागद अंथरले गेले. घरात रंगाचा वास भरला. चार पानांची आठ झाली. ‘तुमच्या मानेत एक रक्तवाहिनी आहे. ती अरुंद झाली आहे.’ शेजारी मान, मानेत नळी, नळीत गाळ. बाईंनी पहिले पान वाचले. मग पुन्हा वाचले. वाक्य हातातून निसटले नाही. तिसऱ्यांदा वाचले ते निव्वळ सुखासाठी. तहान लागल्यावर घोटभर पाणी मिळावे, तसे त्यांना झाले.

मंगळवारी दुपारी आठही पाने वाळून तयार झाली. बाईंनी डावीकडे छापील संमतिपत्र ठेवले, उजवीकडे पेंटरांची पाने, आणि तपासणी सुरू केली. ही त्यांची कचेरीतली रीत होती. टंकलेखकाकडून पक्की प्रत आली की मूळ मसुदा शेजारी ठेवायचा आणि वाचायच्या आधी कलमे मोजायची, बोटाच्या पेराने टेबलावर टकटक करीत. टकटक जुळली नाही की प्रत परत. छापील कागदातली वाक्ये आता त्यांना लागत नव्हती, पण कलमांपुढची अ, आ, इ, ई लागत होती. धोक्यांच्या परिच्छेदावर त्यांनी चारदा टकटक केली. उजवीकडे रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुन्हा झटका. तीन. चौथ्यांदा पेर कोऱ्या कागदावर वाजले.

“चार,” बाई म्हणाल्या.

पेंटर मोरीपाशी ब्रश धूत होते. “तीनच आहेत.”

“चार. चार.” त्यांनी डावीकडे बोट ठेवले, मग उजवीकडे. “तीन.”

“जागा पुरली नाही.”

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. या माणसाने एकदा दीड हात फळीवर दातांच्या डॉक्टरांच्या चार पदव्या, दोन भागीदार आणि दवाखान्याच्या वेळा बसवल्या होत्या, वर एक हसरा दातही काढला होता. आणि समोर तर कागदाचा एकतृतीयांश भाग पांढरा होता. पेंटर स्वच्छ झालेला ब्रश धूतच राहिले.

“ताईंनी लिहून दिलं होतं,” शेवटी ते पाठमोरेच म्हणाले. “मीच गाळलं. हाताला लिहवेना.”

बाईंना चौथे काय असणार ते तेव्हा कळले. संताप आला. गैरसोयीचे कलम गाळलेली सूचना म्हणजे लोकांची फसवणूक, हे त्यांनी तीन साहेबांना तोंडावर सुनावले होते. पण संतापाच्या मागोमाग दुसरेही काही कळले. दोन महिने हा माणूस पाणी भरत होता, वेणी घालत होता, विनोद करत होता, आणि एकदाही म्हणाला नव्हता की मला भीती वाटते. त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत मोरीपाशी गेल्या आणि त्यांचा ओला हात धरला.

“माझं,” त्या म्हणाल्या. “कागद. माझं.” पुढचा शब्द येईना. पेंटर थांबले, त्यांनी सुचवले नाही. बोलताईने शिकवले होते. बऱ्याच वेळाने शब्द आला. “लिहा.”

पेंटर बसले. आधी त्यांनी डोळे मिटून आडवे पडलेले माणूस काढले. बुधवारी बोलताईने ते ड्रायव्हरकाकांसमोर धरले. काकांनी गालाखाली तळवा घेतला आणि घोरून दाखवले.

“मग चित्र नको,” बोलताई म्हणाली. “घोटाळा करणाऱ्या चित्रापेक्षा नुसता शब्द बरा. आणि त्यासोबत किती क्वचित, तेही दिसलं पाहिजे. शंभरात एक, असं सर्जनांचं म्हणणं आहे.”

म्हणून चौथ्या धोक्यापुढे एकच ठळक शब्द आला, ‘मृत्यू’, आणि खाली दहाच्या दहा ओळींत शंभर वर्तुळे. पट्टी न लावता पेंटरांनी ती एकसारखी काढली. शेवटी काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि हात अधांतरी राहिला.

“कुठलं रंगवू?”

बाईंनी शंभरही वर्तुळांवरून नजर फिरवली. “हे,” त्या म्हणाल्या, आणि सहाव्या ओळीतल्या एकावर बोट ठेवले.

गुरुवारी सर्जनांनी सवयीप्रमाणे झपाट्याने सुरुवात केली. बाईंनी हात वर केला. “हळू.” सर्जन थांबले, हसले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. “काय काय होऊ शकतं, ते मला दाखवा,” ते म्हणाले. बाईंनी चारही जागी बोट ठेवले. चौथ्यावर थोडे जास्त वेळ. मग पान उलटून त्यांनी ‘ऑपरेशन केले नाही तर’ यावर पेराने टकटक केली.

“किती?”

कुणाला काही कळेना. बाईंनी मागच्या पानावरची वर्तुळे दाखवली, मग हे पान, जिथे एकही वर्तुळ नव्हते. बोलताईने कपाळावर हात मारला. “माझी चूक, काकू. एकीकडे आकडा दिला आणि दुसरीकडे नाही.”

सर्जनांनी पेंटरांकडे पाहिले, मग स्वतःच पेन काढून शंभर वर्तुळे काढायला बसले. वाकडीतिकडी निघाली. पेंटरांनी तोंड फिरवले, पण बोलले नाहीत. “तुमच्या बाबतीत, माझ्या अंदाजानं,” म्हणत सर्जनांनी त्यातली वीसएक काळी केली. “यांना पुन्हा झटका येऊ शकतो.” बाहेर रुग्ण ताटकळत होते, तरी त्यांनी घाई केली नाही. बाईंना त्या वेड्यावाकड्या वर्तुळांचे पुढेही कौतुक वाटत राहिले.

दोन्ही पाने शेजारी ठेवून त्या बसून राहिल्या. खोलीत त्यांच्याखेरीज चार माणसे होती आणि चौघांपैकी कुणीही त्यांच्या वतीने बोलले नाही. मग त्यांनी ‘हो’च्या चौकटीत खूण केली आणि डाव्या हाताने सही सुरू केली. सहीला चार मिनिटे लागली.

ऑपरेशन नीट पार पडले, हे इथेच सांगून टाकलेले बरे. कारण बाई ज्यासाठी झगडल्या, ते त्या टेबलावरच मिळून गेले होते. हल्ली त्या आणि पेंटर आठवड्यातून दोनदा बोलताईच्या खोलीत बसतात आणि रुग्णालयाचे इतर कागद तपासतात. पेंटर शब्द काढतात, बाई कलमे मोजतात, आणि भांडण झालेच तर निकाल ड्रायव्हरकाका देतात.

त्या गुरुवारी मात्र सही झाल्यावर आणखी एक ओळ उरली होती. साक्षीदाराची. दादांनी इतका वेळ धरून ठेवलेले पेन उघडले आणि हात पुढे केला.

“दादा. वाच.”

“अगं, मला माहितीये काय आहे ते.”

“वाच.”

दादांनी चष्मा लावला. पहिल्या पानावर ते सरसर गेले, दुसऱ्यावर थोडे मंदावले. चौथ्या धोक्यापाशी थांबले. मग सर्जनांकडे वळून, आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या माणसाच्या आवाजात नव्हे, तर अगदी हळू म्हणाले, “डॉक्टर, हे एक वर्तुळ… हे तुम्ही मला तोंडी सांगितलं होतं का हो?”

“सांगितलं होतं.”

“मला ऐकू आलं नव्हतं,” दादा म्हणाले.

त्यांनी उरलेली पाने वाचली. बाईंनी तोवर कागदाची कड बोटांत धरून ठेवली होती. शेवटचे पान संपले तशी त्यांनी ती सोडली, आणि दादांनी त्यांच्या सहीच्या खाली आपली सही केली.