घाटाचा उतार

नदीकाठच्या नव्या घाटाचं चित्र आर्किटेक्टबाईंनी गावच्या बैठकीत दाखवलं, तेव्हा दिवे, बाकं, फोटो काढायची जागा बघून सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र चिडलो. वरपासून खालपर्यंत नुसत्या गुळगुळीत पायऱ्या होत्या.

"पोळ्याला बैल धुवायला कुठून उतरवायचे? पाय मोडायचेत का त्यांचे? बांधायचा तर नीट बांधा."

आर्किटेक्टबाई रागावल्या नाहीत. माझ्यासोबत नदीवर आल्या आणि तिथंच त्यांनी चित्रात एका बाजूला खडबडीत दगडाचा रुंद उतार काढला.

यंदा पोळ्याला आमची जोडी त्या उतारानं निवांत पाण्यात गेली. मागोमाग काठी टेकत आई उतरली. कितीतरी वर्षांनी तिनं नदीत पाय बुडवले.

"बैलांमुळं का होईना," ती म्हणाली, "माझी बी सोय झाली."