माझी डिस्क, साडभावाचा प्लेअर

मुलीने परदेशातून मला सतारीची हाय-रेझोल्यूशन ब्ल्यू-रे ऑडिओ डिस्क आणली. पिपरी मेघेतल्या माझ्या घरच्या नव्या डीव्हीडी प्लेअरवर ती वाजेचना. पुलगावच्या माझ्या साडभावाकडे, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याकडे, सिनेमे पाहायचा जुना ब्ल्यू-रे प्लेअर आहे. तिथे नेऊन लावली, तर लगेच सुरू झाली. तारेवरून सरकणारं बोटसुद्धा ऐकू येत होतं. तो डोळे मिटून ऐकत बसला आणि माझ्या पोटात दुखू लागलं.

"भाऊ, दोन दिवस ठेवून जा ना," तो म्हणाला. "तुमच्याकडे तं वाजत नाई."

"पोरीनं देल्ली आहे, तिले वाईट वाटन," मी खोटंच सांगितलं.

डिस्क घेऊन घरी आलो. महिना झाला, ती कपाटात पडून आहे. त्याने फोनवर विचारलं, की मी विषय बदलतो.