पाला कोणी पेटवला

वच्छलाबाईजवळ सांगितलेली गोष्ट गावभर होत नाही, असा पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात तिचा लौकिक होता. लौकिक खोटा नव्हता. ती गोष्ट फक्त तिच्याजवळ जिवंत राहायची, पाळलेल्या कोंबडीसारखी, आणि मधूनमधून ज्याची त्याला दाखवली जायची. सांगणाऱ्याला हे मागून कळायचं.

नवरा गेला तेव्हा पोरबाळ नव्हतं. दीर मुखरू त्याच आंगणात पलीकडच्या घरात राहायचा. वाटण्या झाल्या तेव्हा नाल्याकाठचं मोहाचं मोठं झाड त्यानं आपल्याकडे घेतलं, तिला लहानसं दिलं. "तुले एकटीले किती लागते वो वयनी?" म्हणाला आणि हसला. वच्छला भांडली नाही. भांडली असती तर आठ दिवसांत निवळली असती. ती गप्प बसली आणि ते हसणं तिनं ठेवून दिलं.

मोहफुलं टिपायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे पहाटे गळालेलं फूल काळ्या भुईवर उठून दिसतं. जाळायचं ते सकाळी, वारा पडलेला असताना, आणि विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. शेजारच्या इतवारीनं एका साली आपल्या झाडाखाली भर दुपारी काडी लावली आणि सावलीत बिडी ओढत बसला. वावटळ उठली. आग शेताच्या धुऱ्यावर रचलेल्या भाताच्या तणसाला लागली, तिथून मुखरूच्या शेतातल्या गोठ्याला. बांधलेली बैलजोडी दाव्यालाच जळाली.

पळसाची फांदी आपटत आग विझवणारा आणि मग फांदी टाकून पळणारा इतवारी वच्छलेनं नाल्यातून पाहिला होता. तो तिच्या पाया पडला. "कोणाले सांगजो नको वो बाई. मुखरूभाऊ मले जित्ता ठेवनार नाई."

"म्या काई पाह्यलंच नाई. जाय, हात धू," ती म्हणाली.

संध्याकाळी मुखरू ओसरीवर डोकं धरून बसला. "पत्रूनंच पेटवलं. त्याचा मोह लागूनच हाये," तो म्हणाला. पत्रू त्याचा जिवाचा दोस्त, दोघांची वाही-पेरणी एकमेकांच्या बैलांवर व्हायची. वच्छलेनं पत्रूचं नाव घेतलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. तिनं चहाची कपबशी पुढे सरकवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर इतवारीच्या घरी तिला बसायला पाट आणि उठताना साती नावाच्या रानअळंबीची पहिली भाजी मिळू लागली. तिचं कुंपण तो आपल्याआधी बांधायचा. कधी कंटाळा करताना दिसला की ती चारचौघांत विचारायची, "औंदा पाला लय पडला ना गा, इतवारी?" एवढं पुरायचं. तो हातातलं काम टाकून उठायचा. आपण एक शब्द बोलावा आणि जवान माणसाचा चेहरा उतरावा, याची तिला तंबाखूसारखी तलफ लागली.

मागच्या पावसाळ्यात पत्रू तापानं गेला. तिरडी आंगणासमोरून गेली. आगीपासून पत्रूशी न बोललेला मुखरू बाजेवरून उठला नाही. त्या दिवशी सांगून टाकावं असं वच्छलेच्या ओठांवर आलं होतं. पण मग इतके दिवस का सांगितलं नाही, हेही सांगावं लागलं असतं.

औंदा मोह गळायला लागला आणि ती इतवारीच्या दारात गेली. त्याची बायको सोमारी फुलं वाळत घालत होती.

"काय गा इतवारी, माह्या झाडाखालचा पाला कोण झाडनार? का मीच काडी लावू?"

इतवारी झाडू घ्यायला वळला. सोमारीनं त्याचा हात धरला. "थांबा जरासे. दरसाली ही बाई पाल्याचं बोलते अन् तुमी कुत्र्यावानी उठता. काऊन?"

"जाऊ दे ना."

"नाई जाऊ देत. सांगा, नाई तं मी हिलेच इचारतो."

"इचार की व," वच्छला म्हणाली. "मले कायचं भेव?"

इतवारी खाली बसला. मोहफुलांच्या ढिगाकडे पाहत त्यानं सगळं सांगितलं, नाल्यातल्या बाईसकट. वच्छलेला वाटलं, सोमारी रडेल, पाया पडेल. सोमारीनं हात पुसले, पदर खोचला आणि सरळ मुखरूच्या आंगणात गेली. इतवारी मागून गेला.

वच्छला ओसरीवर येऊन बसते न बसते तोच मुखरू समोर उभा राहिला. मागे त्याची बायको सुकरी, पोरगा आदेश, आणि मान खाली घातलेला इतवारी.

"वयनी, तुले ठाऊक होतं?"

"ज्यानं जाळलं त्याले इचार ना."

"त्याचं मी पाहीन. त्याच्या हातून झालं, तो भेला. तुले कायचं भेव होतं? पत्रूच्या मातीले मी गेलो नाई, वयनी. तू इथीच बसून पाहून राह्यली होती."

वच्छलेजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गरीब शेजाऱ्याची दया आली. शपथ घातली होती. बाईमाणसाचं कोण ऐकते. सुकरीनं यातलं काहीही मानून घेतलं असतं, ती तशी वाट पाहतच उभी होती. पण मुखरूचा तो पडलेला चेहरा वच्छलेनं पाहिला आणि जुनी तलफ उसळली.

"बरं वाटलं मले," ती म्हणाली. "जोडी जळाली तवा. मोहाच्या टायमाले तू हासला होता ना."

मुखरूला ते हसणं आठवलंच नाही. तो सुकरीकडे पाहू लागला, तिलाही काही कळलं नाही. वच्छलेला त्याचाच जास्त राग आला.

दुपारून बापलेकांनी आंगणाच्या मधोमध बांबूचं कुंपण घालायला घेतलं. इतवारी खड्डे खणत होता, तिच्याकडे न पाहता. वच्छला ओसरीवर बसून बघत राहिली.

"तो खांब सैल राह्यला गा, आदेश," ती शेवटी म्हणाली.

आदेशचा हात थांबला. त्यानं बापाकडे पाहिलं.

"आपलं काम कर," मुखरू म्हणाला.

सुकरीनं पुढचा बांबू उचलून दिला.