डॉरीनबाईंची शपथ

डॉरीन हॅलमबाईंनी आयुष्यात दोनच शपथा घेतल्या. एक चर्चमध्ये, रॉयशी लग्न करताना. दुसरी हिल स्ट्रीट प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर, भर पावसात, हातात भोंगा धरून. पहिली त्यांनी जमेल तशी पाळली, कारण रॉयही ती जमेल तशीच पाळत होता. दुसरी मात्र अगदी कडक पाळली.

झालं होतं असं, की काही वर्षांपूर्वी हिल स्ट्रीटची शाळा काउन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, अनेक शाळा चालवणाऱ्या एका ट्रस्टच्या ताब्यात गेली. यॉर्कशरमधल्या त्या गावात बाकी कुणाला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. पण बाई स्वतः त्या शाळेत शिकल्या होत्या, त्यांची मुलगी, केली नाव तिचं, तीही तिथेच शिकली होती. आणि ट्रस्टचं ऑफिस होतं तिकडे लीड्स शहरात! "आमच्या पोरांनी मोजे कुठल्या रंगाचे घालायचे ते आता लीड्सवाले ठरवणार?" असं ओरडत बाईंनी मोर्चा काढला, मुख्याध्यापिका मिसेस थॉर्पना भर रस्त्यात विकाऊ म्हटलं, आणि हरल्या. "ट्रस्टच्या शाळेत हॅलमांचं पोर जाणार नाही, म्हणजे नाही!" असं भोंग्यातून जाहीर करून त्यांनी भोंगा तिथेच आपटला. तेव्हापासून त्या फाटकावरूनसुद्धा जात नसत. फिश अँड चिप्स आणायला निघाल्या तरी मागच्या गल्लीनं वळसा घालून जात.

आणि आता नात आयव्ही चार वर्षांची झाली.

"आई, शाळेत नाव घालायची वेळ आली," केली म्हणाली. "हिल स्ट्रीट दोन वळणांवर आहे. मी गोदामात पाळ्या करणार, तिला ने-आण तूच करणार, तुझा गुडघा हा असा. उगाच हट्ट का करतेस?"

"गुडघा माझा आहे. मी बघते शाळा."

पहिली शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. छान हॉल, शाळा बघायला आलेल्या पालकांसाठी चहा, बिस्किटं. एक तरुण सर उभे राहिले. "आमच्याकडे प्रत्येक मूल म्हणजे एक ठिणगी आहे," ते म्हणाले. बाई खूश झाल्या. मग त्यांचं लक्ष मुलांच्या जांभळ्या स्वेटरवरच्या पक्ष्याकडे गेलं.

"हे पाखरू कसलं हो?"

"आमच्या ट्रस्टचं चिन्ह. लीड्सचा ट्रस्ट."

बाईंनी अर्धं बिस्किट बशीत परत ठेवलं.

दुसरी शाळा शेजारच्या गावात, बस बदलून जायची. हॉल तसाच, चहा तसाच. एक मॅडम उभ्या राहिल्या. "आमच्याकडे प्रत्येक मूल म्हणजे—"

"ठिणगी आहे!" मागच्या रांगेतून डॉरीनबाई ओरडल्या. पाखरूही तेच होतं. या वेळी मात्र त्यांनी बिस्किट पूर्ण खाल्लं, कारण परतीच्या बसला वेळ होता.

बस आलीच नाही. थांब्यावर बोचरं वारं सुटलं होतं. आयव्ही त्यांच्या मांडीवर झोपली, नाक लालबुंद, हात गार. रोज हिला हे भोगायला लावायचं? आपल्या तोऱ्यापायी? बाईंना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

पुढच्या आठवड्यात त्या हिल स्ट्रीटला गेल्या. गेल्या म्हणजे काय, रॉयची टोपी कपाळावर ओढून आणि केलीचा काळा चष्मा लावून, ऐन नोव्हेंबरात. दारात मिसेस थॉर्प सगळ्या पालकांशी हात मिळवत होत्या. बाईंशीही मिळवला. ओळख पटल्याचं काही दिसलं नाही. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसरीच्या वर्गाबाहेर भिंतीवर फोटो लावले होते, वर मथळा: आपल्या गावातली भांडणारी माणसं. संपावरचे खाणकामगार. वाचनालय वाचवणाऱ्या बायका. आणि त्यांच्या शेजारी, सगळ्यांत मोठ्या फोटोत, भोंगा घेतलेल्या डॉरीनबाई. खाली पोरांच्या अक्षरात लिहिलं होतं: "या बाई आपल्या शाळेसाठी भांडल्या. त्या हरल्या. त्यांचा आवाज फार मोठा आहे."

"आजी!" आयव्ही किंचाळली. "ही तू! तू भिंतीवर आहेस!"

"हळू गं, बाळा."

"तोंड एवढं का उघडलंय? आजी, चष्मा काढ ना, लोकांना कळत नाहीये!"

सगळे पालक वळून बघायला लागले.

"काढ आता, डॉरीन," मिसेस थॉर्प म्हणाल्या. "दारातच ओळखलं मी तुला."

बाईंनी चष्मा काढला. "तो फोटो उतरव. मी तुला विकाऊ म्हटलं होतं."

"दोनदा. एकदा भोंग्यातून."

"मग लीड्सवाले काही बोलत नाहीत?"

"विचारलं त्यांनी, ही बाई कोण म्हणून. मी सांगितलं, आमचीच आहे."

डॉरीनबाईंनी रॉयची टोपीही काढली.

"मला हीच शाळा हवी," आयव्हीनं जाहीर केलं. "जिथे आजी ओरडते ती."

"ऐकलंस?" मिसेस थॉर्प जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "येच तू. लीड्सहून आदेश आलाय, पुढच्या वर्षापासून मोजेही जांभळे. मला नोकरी आहे, मी बोलू शकत नाही. तुझा भोंगा माझ्या कपाटात आहे."

डॉरीनबाईंनी नातीचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "सेल आहेत का त्यात?"