गव्हातली सशाची पिल्लं

लग्न होऊन मी साक्रीला आले तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. हे गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. क्वार्टर दवाखान्याच्या मागेच. माझं माहेर जळगावात, भर वस्तीतलं. दार उघडलं की समोरच्या घरातलं बोलणं ऐकू यायचं. इथं दुपारी म्हशींच्या हंबरण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. आजूबाजूच्या बायका अहिराणीत बोलत, मला अर्धंच कळे, म्हणून मी नुसती हसत असे.

होळी होऊन गेली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी दवाखान्यात एक अक्का आल्या. म्हशीचं औषध न्यायला त्या अधूनमधून येत. त्या दिवशी मात्र डोक्यावर टोपली होती, वर ओलं फडकं. ह्यांच्याबरोबर मागं येऊन, टोपली माझ्या ओट्यावर ठेवून त्यांनी फडकं बाजूला केलं. आत गव्हाच्या काडावर सशाची दोन पिल्लं. मुठीत मावतील एवढी, पण अंगावर पुरते केस, डोळे टक्क उघडे. हलत नव्हती. फक्त नाकं थरथरत होती.

"गहू कापतांना सापडनात, डाक्टर भाऊ," अक्का म्हणाल्या. "काल शेजारना वावरमा कोणी तरी ससा मारी लई गयात. यास्नी मायच व्हई ती. बोळावर दूध दिधं, पेत नहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीच ठी ल्या."

मी एक पिल्लू ओंजळीत घेतलंसुद्धा. त्याचं काळीज माझ्या बोटांवर इतकं जोरात धडधडत होतं की मला वाटलं, आता हे फुटणार. कोपऱ्यात जुनी पेटी होती, तिच्यात गोणपाट अंथरलं की झालं, असा माझा विचार सुरूही झाला.

"खाली ठेव," हे हळूच म्हणाले. "ते घाबरलंय."

"अहो, पण आई नाही त्यांना."

"कशावरून नाही? सशाची मादी दिवसा पिल्लांजवळ बसतच नाही. ती जवळ असली तर कोल्ह्याकुत्र्यांना पिल्लांचा पत्ता लागतो. अंधार पडायच्या बेताला येते, पाजते, निघून जाते." पिल्लांकडे पाहत ते म्हणाले, "काल मारली ती यांचीच आई असेलही. पण ते आज संध्याकाळी कळेल. घरात ठेवून गाईचं दूध पाजलं तर बहुतेक मरतीलच."

अक्कांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. "आते मी हात लाया. मानूसना वास लागना का माय लेत नही म्हंतस."

"तसं नाही अक्का. वासासाठी ती पिल्लं टाकणार नाही. पण सापडली तिथंच नेऊन ठेवायला हवीत, आणि आजच."

दुपारचे जनावरांचे पेशंट आटोपून आम्ही मोटारसायकलवर निघालो. टोपली माझ्या मांडीवर, वर पदर. अक्का बाजार अर्धा टाकून एसटीनं पुढं गेल्या होत्या. वाटेत एकदा टोपलीत खसफस झाली, मी पदर घट्ट धरला. खरं सांगायचं तर परत जावं असं मनात येत होतं.

वावरात पोचलो तर निम्म्याहून जास्त गहू आडवा झालेला. अक्कांचे मालक आणि चार मजूर विळे चालवत होते. पिल्लं सापडली ती जागा बांधालगत, आणि कापणी तिला अगदी भिडली होती. अक्काही नुकत्याच पोचल्या होत्या, त्यांनी मालकांना गाठून सगळं सांगितलं. ते घाम पुसत ऐकत होते. आभाळाकडे एकदा पाहिलं. ढग होते थोडे, आणि पिकलेल्या गव्हावर पाऊस कुणालाच नको असतो. मला वाटलं, हा माणूस आता हसून वाटेला लावणार.

"ऱ्हाऊ द्या तेवढा पट्टा," ते मजुरांना म्हणाले. "बठ्ठा कापीसन काय बंगला बांधना शे?"

ह्यांनी पिल्लं उभ्या गव्हात, अक्कांनी दाखवलेल्या खोलगट जागी ठेवली. ठेवताक्षणी ती मातीसारखीच दिसायला लागली. मालकांनी आपला कुत्रा खळ्यावर बांधला. मजूर गेले. आम्ही चौघं लांब खळ्याजवळच्या निंबाखाली बसलो, बोलायचं नाही असं ठरवून.

ऊन उतरलं. बांधावर काहीच नव्हतं. टिटवी ओरडली तरी मी दचकत होते. हे सारखे चष्मा पुसत होते. मी कानाशी विचारलं, "नाही आली तर?"

"सकाळी बघू. पोटं खपाटीला गेलेली दिसली तर वनखात्याच्या साहेबांना विचारू. तिथं कुणाला तरी जमत असेल. मी गाईम्हशींचा डॉक्टर."

उजेड अगदी करडा झाला तेव्हा अक्कांनी माझं मनगट दाबलं.

"उनी," त्या पुटपुटल्या.

बांधावरून ती येत होती. दोन उड्या, मग थांबणं. कान उभे करून तिनं आमच्याच दिशेनं पाहिलं असं वाटलं. मग गव्हात शिरली. आत काय झालं ते दिसलं नाही, वरची लोंब्यांची टोकं जराशी हलली एवढंच. थोड्या वेळानं ती पलीकडून बाहेर पडली आणि नाल्याकडे निघून गेली. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मालक त्यांच्याकडे बघून हसत होते, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे एकटेच जाऊन, हात न लावता पाहून आले. पिल्लं जागेवर होती, पोटं भरलेली. मलाही जायचं होतं, पण ते म्हणाले, आता कुणीच जायचं नाही. मी रुसले. दिवसभर त्या पेटीकडे पाहिलं की माझ्या हातांना ते धडधडणं आठवत होतं.

पुढच्या बाजाराला अक्का आल्या त्या सरळ क्वार्टरच्या दाराशी. गव्हाचा पट्टा अजून उभा होता, पिल्लं मात्र जागा सोडून गेली होती. एक त्यांनी नाल्याच्या काठी पळताना पाहिलं होतं, दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. मालक म्हणत होते, आता कापू. मी अक्कांना आत बोलावलं. चहा केला. त्या बशीत ओतून पीत बाजाराचं, सुनेचं, म्हशीचं सांगत राहिल्या, आणि न कळलेला प्रत्येक शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदाच न लाजता विचारला.