गृहकर्जाचा हर्रास

घर घेताना बायकोनं कामाची वाटणी करून टाकली होती. घर ती पसंत करणार, कर्ज मी आणणार. तिचं काम दोन रविवारांत उरकलं. वाशीममध्येच, दोन खोल्यांचं, मागं कपडे वाळवायला जागा आणि पुढं कडुनिंब. घरमालक म्हणजे दुकान आटोपून मुलाकडं निघालेले एक म्हातारे कापडवाले चाचा. ते म्हणाले, "एक महिना रुकतो. बँकेचं मंजुरीपत्र आणा. नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार हाये, मंग गिला-तक्रार नको."

आता माझी पाळी. मी रिठदच्या शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांबरोबर सोयाबीन घेऊन बाजार समितीत जाण्यात माझी अर्धी शाळा बुडाली. तिथं मालाचा हर्रास होतो. सगळे व्यापारी ढिगाभोवती जमतात, जो तो मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली फोडतो आणि बाकीच्यांच्या ईर्षेनं बोली लावतो. वडील दर खेपेला बजावायचे, "माल एकट्यालेच नोको दाखवू."

मी ठरवलं, इथं माल म्हणजे मी. बँका बोली लावतील.

पहिल्या बँकेतल्या साहेबांनी माझी पगारपत्रकं पाहिली, माझ्याकडून अर्ज भरून घेतला आणि व्याजाचा दर सांगितला, साडेआठ टक्के. पहिल्या बोलीला वडील हसतात तसा मी हसलो. "अजून चार जागी दाखवतो, साहेब."

"दाखवा ना. पण नुसतं विचारा. जिथं तिथं अर्ज भरू नोका."

गडी घाबरला, असं वाटून मी पुढच्या तीन आठवड्यांत आणखी चार बँकांत अर्ज भरले. दुसरी म्हणाली पावणेनऊ, तिसरी नऊ. चौथीनं बिस्किटासह चहा पाजला आणि सव्वानऊ सांगितले. ही मंडळी आतून मिळालेली आहेत, अशी माझी खात्री पटली. पाचव्या बँकेतल्या मुलीनं संगणकात पाहिलं, मग हळूच विचारलं, "काका, घरी काही अडचण हाये का?"

मी तेव्हा छत्तीसचा होतो. काका ऐकूनच अर्धा खचलो. उरलेला अर्धा तिनं खचवला. "प्रत्येक अर्जाले बँक तुमचा क्रेडिट स्कोअर उघडून पाहते, अन् पाह्यल्याची नोंद राह्यते. तुमचा पाच खेपा उघडला. यंत्राले वाटून राह्यलं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरून राह्यला. म्हणून स्कोअर पडला, अन् दर चढला."

म्हणजे जो तो मूठ उचलत होता आणि ढीग खचत होता.

घरी बायकोनं विचारलं, "कुठवर आलं?"

"बोली चालू हाये," मी म्हणालो. चाचांच्या महिन्याचे सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून पहिल्या साहेबांकडं गेलो. साडेआठ कधीच गेले होते. "आता तुमच्या एकट्याच्या नावावर जमत नाही," ते म्हणाले. "वहिनी काय करतात?"

"सरकारी दवाखान्यात नर्स हाये."

"त्याईनं कुठं अर्ज केला?"

"नाही. तिले मी यातलं काही करूच देल्लं नाही."

"हे एक काम चांगलं केलं तुमी."

संध्याकाळी बायकोपुढं सगळं कबूल केलं. सकाळी ड्युटीवर जाताना बँकेत थांबून तिनं मुख्य अर्जदार म्हणून सही केली. मी सहअर्जदार. दर पुन्हा साडेआठ. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मंजुरीपत्र चाचांच्या हातात पडलं.

राहायला गेलो तेव्हा दारावरची पाटी तिनंच करून आणली. वर तिचं नाव, ठळक. खाली माझं, चष्मा लावून वाचावं एवढं. रिठदहून वडील आले, पाटीशी थांबले. "तुहं नाव एवढंसं काहून रे?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मामाजी, यायचा माल पाच जणाईनं चाखून पाह्यला. उरला तेवढा लिवला."

वडिलांनी पाटी पुन्हा एकदा वाचली आणि मान डोलावली. भाव पटला की ते अशीच डोलावतात.