सड्यावरचं गाऱ्हाणं

आमच्या बाईंना माफ करता येत नसे. कुणाला पोहता येत नाही, कुणाला शिट्टी वाजवता येत नाही, तसं. आचऱ्याच्या बाजारात एका मासळीवालीने त्यांना एकदाच शिळे बांगडे दिले. त्यानंतर बाई नेमाने तिच्याचसमोर उभ्या राहून शेजारणीकडून मासळी घेत, आणि वर तिलाच विचारत, "कसे आसत गो हे? ताजे मा?" ती बिचारी मान हलवायची. मी एकदा म्हटलं, बाई, पुरे आता. तर म्हणाल्या, "इसारणा ह्यो आजार, आणि माफ करणा ह्यो आळस. माका दोनय नाय."

हायस्कुलात त्यांनी मला विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आकाशाचा नाद लावला. आम्ही पंधरा-वीस मंडळींनी मिळून सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळपठारावर, पत्र्याची खोली बांधून एक बऱ्यापैकी दुर्बीण बसवली होती. दुर्बीण एक आणि डोळे अनेक, म्हणून प्रत्येकाची संध्याकाळ ठरलेली. मात्र आकाशात अचानक काही घडलं, तर कुणीही तातडीची वेळ मागावी, मंडळाच्या अध्यक्षांनी ती द्यावी आणि ज्याची पाळी असेल त्याने बाजूला व्हावं, असा नियम होता.

बाईंचा एक तारा होता. वर्षानुवर्षं मिणमिणत राहणारा आणि कधीतरी एकदम भडकणारा. कधी भडकेल, कुणालाच ठाऊक नाही. बाई रोज तिन्हीसांजेला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभ्या राहून साध्या दुर्बिणीतून त्याची चौकशी करत. सून गरोदर असावी तशी. आणि एका संध्याकाळी तो भडकला. बाईंनी अध्यक्षांना फोन लावला. मी शेजारीच होते. अध्यक्ष गावचेच, पण बाहेर मोठ्या हुद्द्यावर राहून आलेले. मालवणी बोलायची त्यांना लाज वाटे. ते शांतपणे म्हणाले, "लेखी अर्ज द्या, रविवारी समितीपुढे ठेवतो."

तारा काय रविवारची वाट बघणार? अध्यक्षांनीही बघितली नाही. फोन ठेवून ते स्वतःच सड्यावर गेले, फोटो घेतला आणि शोध आपल्या नावावर कळवून मोकळे झाले. बाईंना ते ग्रुपवरच्या अभिनंदनांच्या पावसातून कळलं. त्यांनीही एकच शब्द पाठवला, "अभिनंदन." त्या शब्दापुढचा पूर्णविराम मी दोनदा बघितला. मला तर अजून त्या माणसाचा संताप येतो, आणि तो उतरावा असंही वाटत नाही.

भांडण होईल म्हणून सगळे सरसावून बसले होते. बाई भांडल्या नाहीत. पुढच्या सभेत त्यांनी गोड आवाजात एक दुरुस्ती सुचवली. तातडीची वेळ यापुढे अध्यक्षांकडे मागायची नाही. ज्याची पाळी असेल त्याच्यासमोर सड्यावर जाऊन, चार सभासदांदेखत, तोंडाने मागायची. न्यायाचीच गोष्ट होती. अध्यक्षांनीच अनुमोदन दिलं. घरी येताना मी विचारलं, यात सूड कुठे आला? "वाट बघूक शिक गो," बाई म्हणाल्या.

बरीच वर्षं गेली. मग एका संध्याकाळी मावळतीला, जिथे काही नव्हतं तिथे, अध्यक्षांना एक नवा तारा दिसला. तो थोड्याच वेळात समुद्रात उतरणार होता आणि दुसऱ्या कुणी आधी कळवला की संपलं. पाळी बाईंची होती. अध्यक्षांनी फोनवर धापा टाकत जागा सांगितली. बाई म्हणाल्या, "सड्यार येवा."

ते पोचले तेव्हा आम्ही पाच-सहाजण होतो आणि दुर्बिणीपाशी नारळ ठेवलेला होता. "आमच्याकडे मागणा कसा मागतत, इसारलास काय?" बाईंनी विचारलं. "गाऱ्हाणा घाला." म्हणजे देवळातल्यासारखं नारळ ठेवून, सगळ्यांदेखत, देवाकडे मोठ्याने मागायचं.

अध्यक्षांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा खाली सरकणाऱ्या ताऱ्याकडे. मग हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

"आज ह्यां लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. काय चुकला-माकला आसात, तर पोटात घाल म्हाराजा!"

आमचा होकार यायच्या आत बाईंनी हात वर केला. "काय चुकला, ता देवाक सांगूक व्हया."

मग अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले, "बाईंचो तारो मी माझ्या नावार केलंय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" एवढ्या जोरात मी देवळातही कधी ओरडले नव्हते.

बाईंनी दुर्बीण त्यांच्या हवाली केली. तोवर तारा समुद्रावरच्या धुरकटात शिरला होता. ते दुर्बिणीवरून बाजूला झाले. तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमी येवच्या आदीच फोटो, मोजणी सगळा झाला. पयलो तुमी बघलास, तुमचाच नाव पाठवतंय." उतरताना मी चिडून विचारलं, नाव का दिलंत त्यांचं? "चोरी करून सूड घेतलो तर तो सूड नाय गो, धंदो."

गेल्या वर्षी बाई गेल्या. आता तिन्हीसांजेला त्यांच्या खळ्यावरून जाताना मी थांबून वर बघते. शोकसभेत अध्यक्ष अर्थातच बोलायला उभे राहिले. सुंदर बोलले. डोळे पुसत म्हणाले, "त्या दिवशी सड्यावर बाईंनी मला मोठ्या मनाने माफ केलं."

मी चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. पण उठले.

"नाही केलं," मी म्हटलं. "मी त्यांना दवाखान्यात विचारलं होतं. त्या म्हणाल्या, 'गाऱ्हाणा देवाक घातल्यानी. माका खंय?'"